उभी बैठक

धम्मप्रिया खोलीला कुलूप लावून खाली उतरली, तर तळमजल्यावरची भार्गवी पायात बूट, पाठीला दप्तर अशी जय्यत तयार होऊन ओट्यावर बसलेली. नुसती बसलेली. लातूरच्या ट्युशन एरियात सकाळच्या वेळी एखादं पोरगं असं बसलेलं दिसणं म्हणजे आक्रीतच. इथं पोरं पोहेसुद्धा चालता चालता खातात, आणि चालता चालता ओठ हलवत सूत्रं पाठ करतात. भार्गवी बिलोलीची, वडील तिथं शाळेत मास्तर, आणि ती डॉक्टर व्हायला आलेली. इथं येणारं प्रत्येक लेकरू डॉक्टर व्हायलाच येतं. निदान येताना तरी.

"क्लास न्हाई का गं आज?" धम्मप्रियानं विचारलं.

"आहे की ताई. पण माझी बॅच बदलली. कालच्या निकालात. पहिलीतून एकदम चौथीत."

"मग बस चार दिवस चौथीत. येशील परत वर."

"हाव," भार्गवी म्हणाली, पण उठली नाही. बुटाच्या नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "ताई, निकालाचं ते सॉफ्टवेअर तुमच्याच ऑफिसात बनवून राहिले ना? एक विचारू का? माझ्या शेजारची पोरगी अर्धा पेपर कोरा ठेवून आली. बाहेर येऊन रडली बिचारी. ती पहिलीतच राहिली. मी सगळा सोडवला. काही चुकले असतील, पण सोडवला. मीबी कोरा ठेवला असता तर बरं झालं असतं का?"

प्रश्नात तक्रार नव्हती, आणि तेच वाईट होतं. पोरगी खरोखरच विचारत होती, पुढच्या पेपराला तसं करावं का म्हणून. धम्मप्रियाला आत कुठंतरी हिसका बसला, चालत्या जीपनं खड्ड्यात चाक घालावं तसा. "बघते मी," एवढंच ती बोलली आणि गल्लीला लागली.

बघते म्हणजे काय बघणार होती, कपाळ? तिला माहीत होतं. चांगलं आठवडाभर माहीत होतं. रेणुकादास सरांच्या क्लासचे पेपर तपासायचं काम त्यांच्या ऑफिसनं घेतलं होतं. मशीननं पोरांच्या उत्तरपत्रिका वाचायच्या, मार्क काढायचे, क्रम लावायचा आणि क्रमावरून बॅच पाडायच्या. मार्क काढायचा भाग धम्मप्रियाचा. बरोबर उत्तराला मार्क, चुकलेल्याला दंड, कोऱ्याला काहीच नाही, इतका सरळ हिशेब. शेंबडं पोरही करील. तिच्या मशीनवर तो बरोबर यायचा. पण सगळ्यांचं काम एकत्र जोडलं की भलतंच व्हायचं. फिजिक्समध्ये मार्क इतके खाली जायचे की भीती वाटावी, बायोलॉजीत त्याहून जरा कमी खाली, आणि ज्यानं काहीच लिहिलं नाही तो मात्र मजेत वर. तिनं आपला भाग उलटापालटा करून पाहिला, पुन्हा होता तसा केला, जेवताना विचार केला, अंघोळ करताना विचार केला. सापडेना. आणि शनिवारी सर स्वतः बघायला येणार म्हटल्यावर तिनं भिंतीवरची आपल्या कामाची चिठ्ठी उचलून 'चालू'च्या रकान्यातून 'झालं'च्या रकान्यात नेऊन चिकटवली. चिकटवताना आपण जराही थांबलो नाही, हे तिला आता आठवलं आणि स्वतःचीच भीती वाटली. रविवारी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि आज एक पोरगी दप्तर पाठीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली. एक दिसली, न दिसलेल्या किती असतील, कुणाला ठाऊक.

रस्ता नेहमीचाच होता. दोन्ही बाजूंना फ्लेक्स, त्यावर हसणारी पोरं, पोरांच्या डोक्यावर क्रमांक. असल्याच एका फ्लेक्सवर कधीकाळी तिचाही फोटो होता. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेल्या पोरीचा फोटो चौकात लागला, तेव्हा वडील, व्यंकटराव, गावाकडून येऊन तो फ्लेक्स बघत उन्हात उभे राहिले होते. पाणी पिता का म्हटलं तर न्हाई म्हणाले. निघताना फक्त एवढंच बोलले, "प्रिया, आता चुकू नको बरं. दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं एकट्याचं चुकतंय. आपलं चुकलं तर समद्यांचं चुकतंय. लोक आपल्या आळीकडं बोट दाखवत्यात." बापानं प्रेमानंच सांगितलं, खोटंही सांगितलं नाही. पण ते वाक्य तिच्या पाठीवर असं बसलं की विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, होस्टेलवर, पहिल्या नोकरीत, कुठंच उतरलं नाही. धम्मप्रिया चुकत नाही, अशी तिची ख्याती झाली. ख्याती झाली म्हणजे सोय गेली. ज्याला चुकता येतं त्याला निदान दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं. तिला ते कसं करतात हेच माहीत नव्हतं.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा एक हॉल आणि चार माणसं. यज्ञेश नांदेडचा. पुण्यात मोठ्या कंपनीत होता, आईचं दुखणं निघालं म्हणून परत आला, पण नांदेडात काम नव्हतं म्हणून लातुरात थांबला. त्यानं पुण्याहून ही रीत आणली. सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी गोल उभं राहायचं. खुर्ची नाही, चहा नाही. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं अडलंय. उभं राहायचं ते अशासाठी की पाय दुखले की माणूस आपोआप आवरतं घेतो. निलंग्याकडच्या संगप्पानं पहिल्याच दिवशी तिला 'उभी बैठक' असं नाव ठेवलं. "बैठक बी म्हणायची आन् बसू बी द्यायचं न्हाई. अय्यो, पुण्याची माणसं लई पोचलेली!" तो म्हणाला होता. नाव टिकलं. रीत मात्र अर्धीच टिकली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दणक्यात यायची. तिसरा आला की चौघेही भिंतीकडं बघायचे. पुण्यात म्हणे माणसं त्या वर्तुळात खुशाल सांगतात की बाबांनो, मला हे येईना, कुणीतरी या. इथं असं कोण म्हणतं? इथं येईना म्हणजे तू चौथ्या बॅचचा.

त्यात त्यांचाही काय दोष. चौघेही इथल्याच क्लासांत तावून सुलाखून निघालेले. रेणुकादास सरांच्या हॉलमध्ये धम्मप्रिया दोन वर्षं बसली. माणूस देवासारखा, पहाटे उठून शिकवायचे, घसा बसला तर गरम पाणी पिऊन शिकवायचे. पण वर्गात शंका विचारलेली त्यांना खपत नसे. "एकाच्या शंकेत बाकीच्यांची पाच मिनिटं जातात. शंका घरी न्यायची, घरी सोडवायची, आणि सोडवून यायचं," असं ते सांगायचे. मग शेकडो पोरं शेकडो खोल्यांत एकच शंका घेऊन एकेकटी बसायची. वहीवर डावा हात आडवा ठेवून लिहायची. कुणी डोकावू नये म्हणून आधी, मग सवयीनं. धम्मप्रिया अजून की-बोर्डपुढं तशीच बसते. दुसऱ्यानं लिहिलेलं काम आपल्या मशीनवर उघडून बघायची यज्ञेशनं मुभा दिली होती, उलट बघाच म्हणायचा. पण तिला ते दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्याची चूक दिसलीच तर चारचौघांत सांगणं म्हणजे त्याची इज्जत काढणं. ते तर त्याहून नको.

आज ती आत शिरली तेव्हा तिघं गोल करून उभेच होते. तिनं बॅग ठेवली आणि आपल्या जागी उभी राहिली.

यज्ञेशनं स्वतःपासून सुरुवात केली. काल निकाल वेळेवर गेला, सरांचा फोन आला, खूश आहेत. मग संगप्पा. उत्तरपत्रिका वाचायचा भाग त्याचा. "माझं झालं. मशीन झ्याक वाचायलंय. आज छापायचं बगतो. अडलं न्हाई काय." बोलताना तो, नेहमीसारखाच, भिंतीकडं बघत होता. धम्मप्रिया त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि तिच्या कानावर शब्द पडत होते, पण त्यांच्या आड दुसरंच काही ऐकू येत होतं. अडलं न्हाई काय. न्हाई काय. ती सात वर्षांची असताना एका सकाळी असंच गावभर विचारलं गेलं होतं, आणि असंच उत्तर आलं होतं, म्हणजे उत्तर आलंच नव्हतं.

भूकंपाची ती सकाळ तिला सलग कधी आठवत नाही. पाऊस भुरभुरत होता, हे आठवतं. धुळीचा वास पावसात भिजून अंगाला चिकटला होता. त्यांच्या आळीतली पत्र्याची, कुडाची घरं नुसती कलंडली. गरिबाच्या घराला जीव घेण्याइतकं वजन नव्हतं. वरच्या आळीची दगडमातीची माळवदं मात्र सगळीच्या सगळी खाली बसली होती. आई, पारूबाई, तिला काखेत मारून वर पळाली, आणि वडील तर आधीच गेलेले. ज्या उंबऱ्याच्या आत व्यंकटरावांनी जन्मात पाय ठेवला नव्हता, त्या घराच्या माळवदावर ते उभे होते. उंबरा कुठं होता ते आता सांगता येत नव्हतं. माणसांची रांग लागली होती, वरपासून पार वेशीपर्यंत. धोंडा एका हातातून दुसऱ्या हातात, मातीची पाटी एका हातातून दुसऱ्या हातात. कुणी कुणाला तू कुठल्या आळीचा म्हणून विचारत नव्हतं. हुकूम करणारा कुणीच नव्हता आणि तरी रांग तुटत नव्हती. ती पोर आईच्या पदराला धरून ते बघत होती आणि तिला वाटत होतं की गावाला आज एकच मोठं अंग फुटलंय.

मग वडील ओरडले, "चूप! समदे चूप ऱ्हावा!" आणि सगळे गप झाले. ही गोष्ट तिनं पुढं कुणाला सांगितली तर कुणाला त्यात विशेष वाटायचं नाही, पण तिच्या अंगावर अजून काटा येतो. बायका ऊर बडवत होत्या, त्या थांबल्या. बाप्ये रडत होते, त्यांनी तोंडात मूठ घातली. ज्यांची माणसं गेली होती तीसुद्धा गप, कारण अजून न गेलेलं कुणीतरी खाली असेल. एवढी मोठी शांतता तिनं पुन्हा कधी ऐकली नाही. त्या शांततेत वडील पालथे पडले आणि दगडाच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "हाय का कुनी?"

काही आलं नाही. त्यांनी थोडा वेळ कान लावला, उठले, आणि रांग शेजारच्या घराकडं वळायला लागली. तेव्हा पारूबाई बोलली. "आनखी एकदा इचारा. बाईमानूस आसंल. पैल्या हाकेला ओ देत नसतंय." कुणीतरी म्हणालं येळ जायलाय माय, लोक मरायलेत. पण वडील परत पालथे पडले, परत विचारलं, आणि सगळं गाव परत गप झालं. मग दगडाखालून, लाजत लाजत म्हणावं असा आवाज आला, "हाव. हाय मी."

ती बसम्मा. पायाचं हाड मोडलं, पण जगली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये ती शेजारीच राहायला होती, आणि पारूबाईनं एकदा तिला झापलं होतं, की अगं, पैल्या बारीला का न्हाई बोललीस? रांडंचे, गेली आसतीस ना! तर बसम्मा म्हणाली, "मला ऐकू आलं व्हतं की. पर मला वाटलं, माज्यापरीस जास्ती दबलेले आसतील, त्येनला आदी काडू द्या. माज्यापायी कशाला समद्यांना तकलीफ." आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. नंतर नवं गाव वसलं तेव्हा आळ्या पुन्हा आडनावाप्रमाणंच पडल्या, ते वेगळं. पण माणसं दगडाखाली असूनही आपली पाळी येऊ देतात, पहिल्या हाकेला गप बसतात, हे धम्मप्रियाच्या मनातून कधी गेलं नाही. फक्त ते आपल्याबद्दल आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

संगप्पाचं संपलं होतं. मनस्विनीचंही. ती लातूरचीच, क्रम लावून बॅच पाडायचा भाग तिचा, आणि तिचंही काही अडलं नव्हतं.

"धम्मप्रिया?" यज्ञेश म्हणाला.

"काल निकालाचं बघितलं. आज..." ती थांबली. तोंडात नेहमीचं 'होतंय' तयार होतं, जिभेवर आलेलं, गुळगुळीत. नुसतं सोडून द्यायचं होतं. "आज पण तेच," ती म्हणाली. यज्ञेशनं मान हलवली आणि वळायला लागला. मग कोण जाणे काय झालं, त्याला काय दिसलं तिच्या चेहऱ्यावर. तो परत फिरला आणि म्हणाला, "अडलंय का काही?"

दुसऱ्यांदा विचारलं होतं त्यानं. या ऑफिसात दुसऱ्यांदा कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "माझं चुकलंय. कालचा निकाल चुकीचा गेलाय. आठवडा झाला, मला माहीत होतं, आणि मी चिठ्ठी पुढं सरकवली. मला सापडत न्हाई. मी लई बघितलं. मला येतच न्हाई ते."

सगळे गप झाले. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते ऐकू यायला लागलं. तिला वाटलं, आता. आता कुणीतरी बोट दाखवणार, आणि ते बोट तिच्यावर थांबणार नाही, पार गावाकडं, आळीकडं, उन्हात उभ्या राहिलेल्या बापाकडं जाणार. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. पण शांतता लांबत गेली, आणि लांबता लांबता तिला कळलं की ही रागाची शांतता नाही. ही माणसं कान लावून उभी आहेत.

"अय्यो," संगप्पा हळूच म्हणाला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "फिजिक्स का?"

तिनं मान वर केली.

"मागल्या पंधरवड्यात मी बघितलं व्हतं. चुकलेल्या उत्तराचा दंड कापलाच जाईना फिजिक्सला. मला वाटलं, तुज्याकडनं ऱ्हायला. आता चारचौघांत तुला काय सांगायचं? तुजी इज्जत जाती. म्हनून मी माज्याच भागात गुपचूप कापून टाकला. म्हनलं, कशाला बोभाटा."

"तो माझा भाग तेव्हा अर्धा व्हता!" धम्मप्रिया जवळजवळ ओरडली. "मी पुढं केला की तो. मी कापते."

"म्हंजे दोनदा कापला जायलाय," संगप्पा म्हणाला.

"तीनदा," मनस्विनी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती का हसायच्या, कळत नव्हतं. "मी पण बघितलं होतं. मला वाटलं, ताई चुकणार नाहीत, माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून मी क्रम लावायच्या आधी कापते. सगळ्या विषयांचा. कुणाला सांगितलं नाही."

म्हणजे असं झालं होतं. तीन हुशार माणसांनी एकच चूक पाहिली, तिघांनी ती आपापल्या घरी नेली, आपापल्या कोपऱ्यात सोडवली, आणि सोडवून तिघं आली. प्रत्येकाचं उत्तर बरोबर होतं. तीन बरोबर उत्तरं एकावर एक रचली आणि त्यांच्याखाली शेकडो पोरं दबली. ज्यानं धीर करून लिहिलं त्याला एका चुकीसाठी तीनदा शिक्षा, आणि गप बसणारा पहिल्या बॅचमध्ये. यज्ञेश मटकन खुर्चीवर बसला. उभ्या बैठकीत तो पहिल्यांदाच बसला होता. "आणि मी रोज सकाळी विचारतोय," तो म्हणाला, "आणि 'होतंय' ऐकून खूश व्हायलोय. वा रे वा मी! बरं, आता एकच मशीन उघडा. चौघं एकापुढं बसू."

त्यानंतरचं जे झालं ते धम्मप्रियाला पुढं कितीदा आठवलं, पण सांगायला गेलं की हातातून निसटायचं. झालं तर काहीच नव्हतं. चार खुर्च्या एका पडद्यापुढं आल्या. यज्ञेश म्हणाला, जिचं चुकलं असं वाटतंय तिनं बोलायचं, टाइप दुसऱ्यानं करायचं. की-बोर्ड मनस्विनीकडं गेला. धम्मप्रियाचा डावा हात सवयीनं आडवा यायला गेला आणि तिथं झाकायला काही नव्हतंच; तिचं लिहिलेलं सगळं चौघांपुढं उघडं होतं. आधी लाज वाटली, न्हाणीचं दार उघडं राहिल्यासारखी. मग संगप्पा म्हणाला, "ह्ये तू लई सुरेख लिवलंय की गं," आणि लाज गेली कुठं कळलं नाही. ती बोलत गेली. जिथं ती थांबायची तिथून संगप्पा उचलायचा, तो चुकला की मनस्विनी बोटं थांबवून म्हणायची, थांबा, असं झालं तर? आणि यज्ञेश जे कुणी विचारत नव्हतं ते विचारायचा. कुणाच्या डोक्यातून काय आलं हे थोड्या वेळानं सांगता येईना. विचार सुरू एकाच्या तोंडात व्हायचा आणि पूर्ण दुसऱ्याच्या. आठवडाभर जे तिच्या एकटीच्या छातीवर बसलं होतं, ते त्या चौघांच्या मधे टेबलावर पडलं आणि बघता बघता सुटं झालं. संगप्पाचा दंड काढला. मनस्विनीचा काढला. धम्मप्रियाचा ठेवला. जोडून पाहिलं. बरोबर आलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धम्मप्रियाला भरून आलं, आणि ते दुःख नव्हतं, आनंदही धड नव्हता. मोठं काहीतरी बघितल्यावर माणूस लहान होतो आणि त्या लहान होण्याचं त्याला बरं वाटतं, तसं काहीतरी होतं. चार साधी माणसं. एकाच्या शर्टाला शाईचा डाग, एकीच्या वेणीची पिन सुटलेली. आणि त्यांच्यामधून हे आलं. ती त्यांच्याकडं अशी बघत राहिली की संगप्पा म्हणाला, "काय गं, माज्या तोंडाला काय लागलंय का?"

सरांकडं चौघेही गेले. यज्ञेश म्हणत होता, मी एकटा फोन करून तांत्रिक अडचण आली असं सांगतो. पण धम्मप्रिया म्हणाली, अडचण न्हाई, चूक म्हणायची. रेणुकादास सर आता म्हातारे दिसत होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"चूक कुणाची?"

"माझी सर," धम्मप्रिया म्हणाली.

"माजी बी," संगप्पा म्हणाला. मनस्विनीनं हात वर केला आणि मग लाजून खाली घेतला. यज्ञेश म्हणाला, "ऐकायचं काम माझं होतं सर. मी ऐकलं न्हाई."

"एका निकालाला चार जण चुकणारे?" सर वैतागले. "अरे, मग मी रागवू कुणाला?"

"जो जवळ आसंल त्याला रागवा सर," संगप्पा म्हणाला.

सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून परत चढवला. मग त्यांनी धम्मप्रियाकडं पाहिलं, आणि तिला वाटलं, ते आता तिच्या फोटोबद्दल, फ्लेक्सबद्दल काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "सापडत नव्हतं तर इतके दिवस विचारलं का नाहीस?" आणि लगेच स्वतःच खिडकीकडं तोंड फिरवलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. "यादी उतरवायला सांगतो," ते म्हणाले. "आणि पोरांना मीच सांगतो, चुकली म्हणून."

नवी यादी दुपारी लागली. धम्मप्रिया फाटकाशी उभी राहून नाव शोधत होती. पहिल्या बॅचमध्ये भार्गवी नव्हती. दुसरीत नव्हती. तिसरीत तिनं दोनदा पाहिलं. ती चौथीतच होती. वर सरकली होती, पण चौथीतच. सगळं नीट करूनही पोरगी जिथं होती तिथंच. धम्मप्रिया यादीपासून मागं सरली. सकाळपासून तिनं मनात एक चित्र रंगवलं होतं, भार्गवी उड्या मारत पहिल्या बॅचला चाललीय असं, आणि ते चित्र आपण कुणासाठी रंगवलं होतं हे तिला आता कळलं.

भार्गवी गर्दीतून बाहेर आली. तिनंही यादी पाहिली होती.

"आता बरोबर आहे का ताई?"

"हाव," धम्मप्रिया म्हणाली. सांगायला जड गेलं, पण सांगितलं. "आधी चूक व्हती, आमची. तुझं खरं व्हतं. पण आता बरोबर आहे. चौघांनी बसून बघितलंय."

"म्हणजे हे मार्क माझेच."

"तुझेच."

भार्गवीचा चेहरा सैल झाला. हसली नाही, पण सकाळचं ते दडपण गेलं. "बरं झालं," ती म्हणाली. "माझे असले तर काही न्हाई. दुसऱ्याचे असते तर काय करणार होते?" तिनं तिथंच फाटकापाशी दप्तर उतरवलं, पेपर काढला, आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांसमोर एका प्रश्नावर बोट ठेवलं. "हा बघा. हा मला येतच न्हाई."

किती सहज म्हणाली पोरगी! धम्मप्रिया तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं वाकून प्रश्न वाचला. जीवशास्त्राचा होता, आणि बारावीनंतर तिनं त्या विषयाचं तोंड बघितलं नव्हतं.

"मलाबी न्हाई येत," ती म्हणाली. "चल, कुणाला तरी विचारू."